मशीनच्या खणातली मेणबत्ती

सोमवार, ४ तारीख

सगळ्यांत आधी टपकली ती बेकरीवाली. शाळेच्या सिस्टर दोघी अजून सायकलवाल्याच्या दुकानापाशी पोचायच्या होत्या, तोवर ही माझ्या दारात, हातात पावाची पिशवी. "मावशी, तुमच्याकडेच येतायत बरं का!" जसे काही मला डोळे नाहीत. म्हटलं बस, तर बसलीच. खुर्च्या घरात दोन, त्यातली एक हिने अडवली. दुसरी मोठ्या सिस्टरांना दिली. मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्य. गाणं शिकवणाऱ्या सिस्टर धाकट्या आहेत, त्या बिचाऱ्या माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसल्या. मी आपली मशीनला टेकून उभी.

मला वाटलं गाऊनचंच काही असेल. यंदा शाळेतून एक्केचाळीस मुलं बाहेर पडतायत, त्यात माझी भिंगरी. ही माझी नात. चालता चालता गिरकी घ्यायची म्हणून भिंगरी, आता सतरा वर्षांची झाली तरी नाव तेच. शाळा संपली की चर्चमध्ये या मुलांसाठी मोठी प्रार्थना असते, त्याला ते मिस्सा म्हणतात. आम्ही त्या धर्मातले नाही, पण त्या दिवसाचे पांढरे गाऊन दर वर्षी मीच शिवते. आत काय चालतं ते मात्र कधी बघितलं नाही. पुढे कुणी तो गाऊन कापून फ्रॉक करायला आणला की उजव्या बाहीवर मेणाचे ठिपके असतात. दर वेळी मनात यायचं, उजव्याच का? विचारायचं राहून जायचं. यंदा नात आहे, म्हणजे आत जायला मिळणार, म्हणून मी महिनाभर नुसती आनंदाने फुगलेय.

तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, मेणबत्ती बघू."

"कुठली?"

"पहिलीत दिलेली. घरोघर जपून ठेवायची असते ना. मिस्साला तीच पेटवतात. आम्ही आधी येऊन बघतो आणि रिबीन बांधतो."

मेणबत्ती माझ्या कंबरेपासून वीतभर अंतरावर होती, मशीनच्या खणात. आणि मी फटकन म्हणाले, "ती ना, लेकीकडे आहे."

भिंगरी चहा घेऊन उभी होती. तिने कप ठेवला. माझ्याकडे बघितलं, खणाकडे बघितलं आणि बिस्किटं आणायला आत गेली. बिस्किटं बाहेरच होती.

बेकरीवालीला तेवढंच हवं होतं. "आमच्या पोराची अगदी नवीच्या नवी आहे हो सिस्टर. काचेच्या पेटीत, भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवलीय. बारा वर्षं कुणाचा हात लागला नाही."

हिच्यासारखं कुणी जपणार नाही. सिस्टर पुढच्या गुरुवारी परत येणार आहेत.

मंगळवार, ५ तारीख

आता वहीत तरी खरं लिहिते. ही मापांची वही आहे, पुढून छाती-कंबर, मागून माझ्या गप्पा. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर चाललंय.

भिंगरी पहिलीत गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्याबरोबर माझी लेक गेली होती. मी घरी बसून युनिफॉर्म पुरे करत होते. लेकीने येऊन ती मेणबत्ती हातात दिली आणि म्हणाली, "आई, जपून ठेव." बसची वेळ झाली होती, गेली कामावर. तिची नोकरी दूरच्या शहरातल्या दवाखान्यात, म्हणून पोर लहानाची मोठी झाली ती माझ्याकडेच. मी बघितलं तर मेणबत्तीची वात काळी. म्हटलं, ही कसली शाळा, वापरलेली मेणबत्ती देतात पोरांना! तरी जपून ठेवली. माझ्या घरात सगळ्यांत जपायची जागा म्हणजे मशीनचा खण, तिथे कात्री असते.

मग एकदा कुणाच्या तरी जाड कोटाची चेन अडकली. चेनीवर मेण फिरवलं की सरसर चालते. हात खणात गेला. मग बटणाचा दोरा. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता होत नाही आणि बटण पोरांनी ओढलं तरी तुटत नाही. मग काय, सवयच लागली. शाळेतल्या सगळ्या पोरांची बटणं आजवर त्याच मेणावर लागलीत.

आज काढून बघितली. टीचभर होती, चार बोटं उरलीय. दोऱ्याने कापून कापून अंगभर खाचा, करवतीसारख्या. खाचांत निळी तुसं, पांढरी तुसं, कुणाच्या तरी लाल स्वेटरचंसुद्धा. नावाची कागदी पट्टी कधीच गेली. अशी मेणबत्ती घेऊन पोर चर्चमध्ये उभी राहणार, बाकी चाळीसजणांच्या नव्याकोऱ्या. सगळे बघणार. बारा वर्षं थांबलेला दिवस, आणि तो मीच झिजवून ठेवला.

भिंगरीशी बोलायचा धीर होत नाही. तीही गप्प आहे. रागावली असणार.

शुक्रवार, ८ तारीख

गाऊनचं कापड द्यायला शाळेचा गेटवाला आला होता. त्याला म्हटलं, तू तीस वर्षं तिथे आहेस, सांग बघू आत काय काय असतं. तर म्हणतो, "मला काय माहीत? मी नेहमी बाहेर. दार लावून घेतात."

"म्हणजे तू पण बघितलं नाहीस?"

"ऐकलंय. आधी मोठं गाणं. मग बाकं सरकतात, म्हणजे सगळे बसले. मग फादर बोलतात, ते लांबतं. मग एकदम शांत. इतकं शांत की मला वाटतं सगळे मागच्या दाराने गेले. मग बारीक बारीक बुटांचा आवाज, टकटक टकटक. मग पुन्हा शांत. मग टाळ्या."

"ते बारीक बूट कुणाचे?"

"पहिलीतल्या पोरांचे. आत जाताना हातात नवी मेणबत्ती असते, बाहेर येताना वात काळी. मध्ये काय होतं ते देव जाणे."

मी सुई हातातच धरून बसले. वात काळी! म्हणजे भिंगरीची वापरलेली नव्हती. त्या दिवशी कुणीतरी मोठ्या पोरीने आपल्या ज्योतीवर तिची पेटवली होती. आता भिंगरीने दुसऱ्या कुणाची तरी पेटवायची. हे असं गुंफलेलं आहे होय! आणि मी त्यावर चेनी चालवल्या.

रविवार, १० तारीख

नवी आणली. तेवढीच जाड, तेवढीच उंच. फारच पांढरी दिसते.

बुधवार, १३ तारीख

दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवली, काही फरक नाही. मग आज गार चहात फडकं भिजवून पुसली. छान पिवळसर झाली, अगदी बारा वर्षांची वाटते. वात काडीने जाळून काळी केली. कागदाची पट्टी चिकटवली, नाव लिहिलं. अक्षर माझंच आलं, पण सिस्टर काही इतकं बघणार नाहीत.

भिंगरी दारातून बघून गेली. म्हणाली, "आजी, साखर होती का चहात?"

मी म्हटलं, "कसल्या चहात?"

म्हणाली, "नाही, मुंग्या लागतील."

गुरुवार, १४ तारीख

मुंग्याच लागल्या! सकाळी बघते तर रांग. झटकून झटकून टेबलावर ठेवली.

सिस्टर आल्या. बेकरीवाली आज नव्हती, तेवढं नशीब. मोठ्या सिस्टरांनी मेणबत्ती उचलली, नाकाशी नेली. एक मुंगी त्यांच्या बोटावर चढली. गाण्याच्या सिस्टर खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळल्या, त्यांचे खांदे हलत होते.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, चहाचा वास येतोय."

माझं वय एकाहत्तर, पण चोरी पकडलेल्या पोरासारखी उभी होते. खण उघडला आणि तो तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "ही खरी. पोरीचा काही दोष नाही. मला कळलं नाही काय आहे ते. दोऱ्याला लावत गेले." मग सगळंच सांगून टाकलं, कोट, चेनी, बटणं. बोलायला लागले की माझं थांबत नाही.

त्यांनी तो तुकडा फिरवून फिरवून बघितला. अंगठा खाचांवरून फिरवला, एकदा, परत एकदा. मग आपल्या बाहीचं बटण उगाच चाचपत बसल्या. ते बटण मागच्या वर्षी मीच लावलं होतं. मला वाटलं आता नाव काढून टाकतात पोरीचं.

"गाऊनसुद्धा यानेच शिवता?" त्यांनी विचारलं.

"बटणं तेवढी. टीप मशीनची."

"हं." रिबीन काढून टेबलावर ठेवली, दोन्ही मेणबत्त्यांच्या मधोमध. "कुठलीला बांधायची ते भिंगरी ठरवेल. तिचा दिवस आहे."

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, की तुमच्या गेटवाल्याने तीस वर्षांत आतलं काही बघितलं नाही, ते कसं? त्या थबकल्या. म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

रागावल्याच आहेत. बोलल्या नाहीत इतकंच.

सोमवार, १८ तारीख

तीस गाऊन झाले, हात सवयीने मेणाकडेच गेला. आता मेण वापरायचं नाही असं ठरवलंय, म्हणून कोरड्या दोऱ्याने बटणं लावतेय. इतका गुंता, इतका गुंता की मीच मला शिव्या दिल्या. एका गाऊनला पाच बटणं. तीन वेळा उसवलं.

भाजी घेऊन आले तर भिंगरी माझ्या स्टुलावर. गाऊन मांडीवर, आणि दोरा त्या तुकड्यावरून ओढतेय, सर्रकन!

मी ओरडलेच, "अगं वेडे, अजून झिजवतेस! काय उरणार त्याचं?"

म्हणते, "कोरड्या दोऱ्याने बटण टिकत नाही. तूच म्हणतेस."

"बाकीच्यांचं टिको न टिको, तुझी मेणबत्ती..."

"आजी, तीस गाऊन या मेणावर नि अकरा कोरडे? पोरं काय म्हणतील?"

पोरांना कसं कळणार? या पोरीच्या डोक्यात काय शिजतं ते मला कळत नाही. म्हटलं, मग त्या दिवशी नवी ने हो, चहाची. वास गेलाय आता. तर दोरा दाताने तोडून म्हणाली, "बघू."

दोरा दाताने तोडू नको म्हणून हजारदा सांगितलंय.

शुक्रवार, २२ तारीख

लेक आली. मेणबत्तीचं तिला सांगितलं तेव्हा आधी कपाळावर हात मारला. म्हणाली, "आई, मी जपून ठेव म्हटलं होतं!" म्हटलं, "ठेवली होती की गं, रोज हाताशी." मग मलाच रडू यायला लागलं. त्यावर ती का हसली कोण जाणे. मायलेकी दोघींचं मला समजत नाही.

गाऊन पोचते केले. वही चाळताना भिंगरीचं पहिलीतलं माप सापडलं. उंची बेचाळीस इंच. परवा गाऊनला घेतली ती सहासष्ट. वर्गात सगळ्यांत उंच आहे, म्हणून रांगेत शेवटची उभी राहणार.

उद्या सकाळी दहाला. दोन्ही मेणबत्त्या टेबलावर आहेत, रिबीन मधे. कुठली नेणार विचारलं तर गिरकी घेऊन आत गेली. किती दिवसांनी गिरकी घेतली!

शनिवार, २३ तारीख

सगळं लिहायचंय, हात दुखला तरी.

चर्च आतून थंड आणि उंच. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की एवढे लांब पडदे कुणी शिवले असतील. चौथ्या बाकावर बसलो, मी, लेक आणि बेकरीवाली. ती त्यांच्यातली, म्हणून मी ठरवलं, ही उठेल तसं उठायचं, बसेल तसं बसायचं. एकदा ती नुसता झगा सारखा करायला उठली तर मी उभी. मला बघून मागचं बाक उभं, त्यांच्या मागचंही. बेकरीवाली दातांत पुटपुटली, "मावशी, बसा हो!"

गेटवाला दाराच्या आत उभा होता, टोपी हातात, डोळे एवढाले. मोठ्या सिस्टरांनीच उभं केलं म्हणे.

मुलं आली. पुढे एक्केचाळीस पाठी, सगळ्या माझ्या हातच्या. कुणाची कुठली शिवण मी दोनदा घातलीय ते मला ओळखू येत होतं. मग रिबिनी सोडून मेणबत्त्या काढल्या, आणि मी मान उंच करून बघितलं.

आणि काय सांगू! बेकरीवालीच्या पोराची मेणबत्ती पार वाकलेली, म्हाताऱ्याच्या पाठीसारखी. भट्टीच्या वरची फळी! बारा वर्षं कुणी हात लावला नव्हता, म्हणून कुणी बघितलंही नव्हतं. वात वर राहावी म्हणून पोराने ती उलटी धरली होती. बेकरीवालीने ओढणीत तोंड लपवलं, "बघू नका मावशी." कंपाउंडरच्या मुलीची मधोमध मोडलेली, जखमेची पट्टी गुंडाळलेली. एकीची उंदराने कुरतडलेली. एकीवर दातांचे ठसे, ते काही उंदराचे नव्हते. अगदी नव्याकोऱ्या अशा दहाबारा असतील. मी पंधरा दिवस एवढी कशाला कुढत होते?

शेवटी भिंगरी. दोन बोटांत माझा तो तुकडा. सोमवारपासून आणखी झिजून जेमतेम तीन बोटं राहिलेला.

ज्योती पेटल्या आणि मला नवीनच घोर लागला. लाज गेली, पण हा पुरणार कसा? पहिलीतली पोरं येईपर्यंत धरायचं, आणि ही रांगेत शेवटची. फादर बोलायला लागले. काय बोलले ते मला विचारू नका, मी फक्त मेण बघत होते. बाकीच्यांच्या सरळ जळत होत्या. भिंगरीची तडतडत होती. खाचांतली तुसं जळत होती एकेक, त्या शांततेत चौथ्या बाकापर्यंत ऐकू येत होतं. मेण बोटांवर ओघळलं. तिने ओठ घट्ट मिटले. हात बदलला नाही, फक्त मनगट उचललं, आणि ओघळ सरकत बाहीवर गेला. उजव्या! तर हे असं होय. ज्या हाताने धरायची त्याच बाहीवर. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं आणि मला त्याचा आनंदही घेता येईना. फादर, आटपा हो, असं मी बहुतेक मोठ्याने म्हणाले, कारण लेकीने चिमटा काढला.

मग शांत. मग टकटक टकटक, बारीक बूट. मी वळून गेटवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता, हेच ते, हेच ते.

एकेका मोठ्यासमोर एकेक छोटं. रांग आपली पुढून सावकाश. भिंगरीसमोर पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी. भिंगरीची पाळी आली तोवर तिच्या बोटांच्या वर नुसती ज्योत, मेण दिसतच नव्हतं. आणि ती दातपडकी घाबरली, हात मागे घेतला. ज्योत खाली बसली, निळी झाली. भिंगरी एक गुडघा टेकून खाली झाली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मुलीने मेणबत्ती पुढे केली. लागली! आणि भिंगरीची विझली, आपली आपणच. बाकीच्यांनी फादरांनी सांगितल्यावर फुंकर मारली.

टाळ्या वाजल्या. पहिली कुणाची, तर गेटवाल्याची.

मग सगळे फादरांकडे प्रसाद घ्यायला पुढे जातात तेव्हा बेकरीवालीने सांगितल्याप्रमाणे मीही, प्रसाद नको फक्त आशीर्वाद हवा म्हणून, हात छातीवर आडवे धरून गेले. फादरांनी डोक्यावर हात ठेवला. हलका होता.

घरी आल्यावर बोटांना मलम लावताना विचारलं, "काय सांगितलंस गं तिला?"

"म्हटलं, लवकर घे, माझी संपत आलीय. तर म्हणते, का संपली? बाकीच्यांची तर मोठी आहे."

"मग?"

"म्हटलं, माझ्या आजीला विचार. सायकलवाल्याच्या पुढे, शिवणकाम करते."

सोमवार, २५ तारीख

भिंगरी आईबरोबर गेली. तिकडेच पुढचं शिकणार. बॅग भरताना चहाची मेणबत्ती उचलली. म्हटलं, ती कशाला? म्हणाली, "माझ्या बॅगेच्या चेनीला." मुंग्यांचं बघ हो, म्हटलं.

दारातून निघाली ती सरळ चालत. कोपऱ्यावर एक गिरकी घेतली.



बुधवार, २७ तारीख

काल काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. आज दुपारी दारात कोण, तर दातपडकी! मागे तिची आई, धापा टाकत. "आजी, चार दिवस डोकं खातेय, तुम्हाला विचारायचंय म्हणून."

पोरगी सरळ मशीनपाशी आली. "ताईची मेणबत्ती का संपली?"

सांगितलं सगळं. दोरा कसा ओढायचा ते हवेत करून दाखवलं. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या युनिफॉर्मच्या बटणाकडे. ते गेल्या महिन्यात मीच लावलेलं. तिने ते जोरात ओढून बघितलं. नाही तुटलं.

मग पाठीवरचं दप्तर काढलं. नवीन दप्तर, आणि चेन अर्ध्यात अडकलेली, आतला डबा बाहेर येईना. म्हटलं, थांब, एका मिनिटाचं काम. खण उघडला आणि हात तसाच राहिला. कात्री होती, बॉबिन होते, मेण नाही.

पोरगी म्हणाली, "माझी आणू?"

तिची आई दचकलीच. "अगं, नाही हं! ती बारा वर्षं जपायची आहे. मी कपाटात वर ठेवलीय, कुणाचा हात पोचणार नाही अशी."

मीही नकोच म्हणणार होते. शहाणी झालेय ना आता. पण बेकरीवालीची ती वाकलेली डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आवरेना. आईला बसवलं, चहा टाकला. तिला म्हटलं, "हे बघ बाई, तुझी वस्तू, तू ठरव. पण भट्टीपासून लांब ठेव, आणि मधून मधून काढून बघत जा." तिने चहा संपवून कप ठेवला. मग पोरीकडे बघून म्हणाली, "एका चेनीपुरती. फक्त एका."

मी म्हटलं, "हो हो, एकाच."

शनिवारी चार वाजता येतो म्हणाल्या दोघी, दप्तर आणि मेणबत्ती घेऊन.